सत्तेचाळीसावं रान

शिरवळच्या एका कारखान्यात मी मापं तपासतो. म्हणजे कामगार ज्या उपकरणांनी सुटे भाग मोजतात, ती उपकरणं खरं बोलतात की नाही हे बघणं माझं काम. बावीस वर्षं हेच केल्यामुळे माणूस जरा काटेकोर होतो. आमच्या घरातल्या भिंतीवरच्या घड्याळालाही बाबांचा धाक आहे, असं सृष्टी म्हणते. सृष्टी माझी मुलगी. एकवीस वर्षांची, एकुलती एक. तिच्या आईला जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच.

दर रविवारी आम्ही रहिमतपूरच्या पुढच्या माळावर जातो. तिथे आमचा ग्लायडर क्लब आहे. क्लब म्हणजे काय, एक पत्र्याची शेड, एक विंच, दोन ग्लायडर आणि बारा सभासद. ग्लायडरला इंजिन नसतं. विंचची तार त्याला वर खेचते आणि सोडून देते. पुढे उन्हानं तापलेली हवा जिथे वर चढते तिथे घारीसारखं घिरट्या घालत राहायचं. अशी हवा मिळत गेली तर पार आष्ट्यापर्यंत जाता येतं. नाही मिळाली तर खाली जे रान असेल त्यात उतरावं लागतं.

आणि आमच्या खाली असतो ऊस. वरून तो गादीसारखा मऊ दिसतो. प्रत्यक्षात बारा फूट उंच असतो, आणि पंखाचं टोक त्यात अडकलं की ग्लायडर गर्रकन फिरून जमिनीवर आपटतो. उतरायचं ते तुटलेल्या उसाच्या रानातच. कुठलं रान तुटलं हे तर दर आठवड्याला बदलतं. म्हणून क्लबच्या पिवळ्या जीपीएसमध्ये आम्ही अशा रानांची यादी ठेवतो, आणि उडण्याआधी प्रत्येकजण ती आपापल्या यंत्रात उतरवून घेतो. हल्ली फोन असतो ना, असं लोक विचारतात. फोन काचेखालच्या उन्हात तापून बंद पडतो. हातात मावणारं हे यंत्र दोन पेन्सिल सेलवर दिवसभर चालतं.

यादी करायचे नाथाजी. तोफखान्यातून निवृत्त झालेले हवालदार. मोपेडवरून वाळव्यापर्यंत फिरायचे, तुटलेलं रान दिसलं की पाचटातून चालत बरोब्बर मधोमध जाऊन उभे राहायचे, मोठ्यानं दोनशे मोजायचे आणि मग बटण दाबायचे. तेवढ्या वेळात यंत्राचा आकडा स्थिर होतो. माणसानं स्वतः जाऊन घेतलेल्या खुणेत जागेबरोबर जमिनीची उंचीही नोंदली जाते. घरी बसून कॉम्प्युटरच्या नकाशावर टिचकी मारून केलेल्या खुणेत उंची येत नाही. तिथे नुसत्या रेषा दिसतात.

हे मला माहीत होतं. तरीही गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी तेच केलं.

नाथाजी तापानं झोपले होते आणि यंत्र माझ्याकडे होतं, हे फक्त आम्हा दोघांनाच माहीत होतं. यादीत सेहेचाळीस रानं होती, वाळव्याच्या पुढे एकही नव्हतं. कॉम्प्युटरवरच्या उपग्रहाच्या फोटोत एक लांबलचक तपकिरी पट्टा दिसला. टिचकी मारली. सत्तेचाळीस. तो फोटो आदल्या वर्षीचा होता हे मी बघितलं नाही. मी, ज्याला मापं तपासायचा पगार मिळतो.

सकाळी यादी पहिल्यांदा उतरवून घेतली ती यासीननं. मिरजेचा, सतार बनवणाऱ्यांच्या घरातला हसरा पोरगा. दुपारी रेडिओवर त्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. "हवा संपली. सत्तेचाळीसवर उतरतोय." त्यानंतर काही नाही. उभ्या उसात तो जागीच गेला, त्याच्या यंत्रासकट सगळं मोडलं होतं.

त्या संध्याकाळी मी पिवळ्या यंत्रातून सत्तेचाळीस पुसून टाकलं.

कमिटीनं नाथाजींना बोलावलं. ते शेडमध्ये ताठ उभे राहिले. "सत्तेचाळीस नंबरचं रान म्या चाललोच न्हाई," ते म्हणाले. खरं तेच सांगत होते. कमिटीला वाटलं, न चालता खूण टाकली आणि नंतर पुसली. नाथाजींनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या चहाच्या डागाकडे बघत होतो.

मे महिन्यात ते गेले. तेराव्यानंतर त्यांच्या पत्नी, साळूबाई, क्लबवर आल्या. फडक्यात बांधलेलं पिवळं यंत्र त्यांनी माझ्या हातात दिलं.

"जाताना म्हनलं, ह्ये सायबास्नी द्या. एक रान चालायचं ऱ्हायलंय म्हनलं."

मला लाज वाटली. लाजेपेक्षा सुटल्यासारखं जास्त वाटलं, हेही लिहून ठेवतो.

यंदाच्या जानेवारीपासून रानं चालायचं काम मी अंगावर घेतलं. प्रत्येक रानात मधोमध उभं राहून दोनशे मोजायचो. महिन्याभरात सेहेचाळीस खुणा झाल्या. शनिवारी यंत्र उघडलं तर यादीत सत्तेचाळीस होतं.

जागा तीच. उंचीही होती, पाचशे एकसष्ट मीटर. वेळ त्याच दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. त्या वेळी यंत्र माझ्या उशाजवळच्या कपाटात बंद होतं.

मी खूण पुसली. पुढच्या शनिवारी ती परत आली. तारीख नवी, वेळ तीच.

मग मी माझ्या पद्धतीनं तपासायचं ठरवलं. यंत्रातले सेल काढले. रिकामं यंत्र कारखान्यातल्या माझ्या खोलीत लोखंडी कपाटात ठेवलं, कुलपावर कागदाची पट्टी चिकटवून सही केली. खोलीची किल्ली माझ्याकडेच असते. सोमवारी पट्टी जशीच्या तशी होती. सेल घालून यंत्र चालू केलं. सत्तेचाळीस, रविवार, सहा वाजून दहा मिनिटं.

मी वाळव्याच्या शिवारात ते रान बघायला गेलो. ऊस उभा होता, तुरे आलेला. बांधावर मालकीण सुलाबाई वैरण कापत होत्या.

"तोड कवा?" मी विचारलं.

"आवं, तोड कुठली? आमची पाळी पुढल्या म्हयन्यात. हितं कोन आलं न्हाई, गेलं न्हाई."

नाथाजी सूड घेतायत, असंच मनात आलं. उभ्या उसात खूण, आणि पंधरा दिवसांनी सृष्टी एकटीनं आष्ट्याला उडणार होती. नको जाऊस, असं मी तिला दोनदा म्हणालो. कारण सांग, म्हणाली. ते माझ्याकडे होतं, पण तोंडातून निघेना.

त्या रविवारी मी तिच्या यंत्रात स्वतः सेहेचाळीस खुणा भरल्या आणि तीन वेळा मोजल्या. पिवळं यंत्र माझ्या खिशात ठेवलं. ती उडाली आणि आम्ही जीप घेऊन खालून तिच्या मागे निघालो. गाडी क्लबचा अर्जुना चालवत होता, मागे ग्लायडर आणायचा ट्रेलर, माझ्या हातात रेडिओ. कराड गेलं, इस्लामपूर गेलं. ती वर पांढऱ्या ठिपक्यासारखी दिसायची, मग दिसायची नाही.

वाळव्याच्या फाट्यावर रेडिओ खरखरला.

"बाबा, हवा नाहीये. खाली येतेय. जमिनीपासून दोनशे मीटर."

"एकोणचाळीसवर जा."

"चार किलोमीटर आहे. वारा समोरून. नाही पोचणार." ती थांबली. "सत्तेचाळीस जवळ आहे. नऊशे मीटर."

अर्जुनानं ब्रेक दाबला. यासीनचा आवाज त्यानंही ऐकला होता.

"सृष्टी, तुझ्या यादीत सत्तेचाळीस नाहीये."

"आहे, बाबा. दिसतंय मला."

"तिथे ऊस आहे!"

"सगळीकडेच ऊस आहे. लवकर सांग. एकशे सत्तर."

माझी पोरगी वर होती, आणि खाली मी मारलेली टिचकी होती.

"सायेब, बोला की," अर्जुना म्हणाला. "पोरगी इचारतीया."

मग मला एकच गोष्ट सुचली. कामावर रोज विचारतो तीच.

"त्या खुणेची उंची किती दाखवतंय?"

"उंची?"

"आकडा आहे की रेषा आहेत?"

"आकडा. पाचशे एकसष्ट."

म्हणजे कुणीतरी तिथे चालत गेलं होतं. मधोमध उभं राहून दोनशे मोजले होते. नाथाजींनी अकरा वर्षांत चारशेवर रानं चालून दिली, त्यातलं एकही चुकलं नव्हतं.

"उतर," मी म्हणालो. "सत्तेचाळीसवर उतर."

रेडिओ बंद झाला.

मी मोजत होतो. एकशे बाराला तिचा आवाज आला.

"उतरले."

आम्ही पोचलो तेव्हा ती बांधावर बसून पाणी पीत होती. मी तिला पोटाशी धरून रडलो. मागे ऊस तसाच उभा होता, दोन्ही बाजूंना भिंतीसारखा. मधोमध तेवढा एक पट्टा तोडलेला. पंखांना दोन्हीकडे चार-चार हात जागा उरली होती.

सुलाबाई चक्रावल्या होत्या. "पाटंच तोडीची टोळी आली. मी म्हनलं, पाळी नसताना कसं काय? मुकादम म्हनला, तुमच्यातलं म्हातारं रानात हुबं हुतं, त्यानंच सांगितलं, मदला पट्टा पयला काडा. आमच्यात कुठलं म्हातारं? माझं मालक जाऊन धा वर्सं झाली."

पट्ट्याच्या मध्यावर पाचट बाजूला सारून मातीची छोटीशी जागा मोकळी केली होती. तिथे बुटांचे दोन ठसे होते, शेजारी-शेजारी, टाचा जुळवलेले.

घरी येऊन मी कमिटीला पत्र लिहायला बसलो. दोन ओळी लिहिल्या. मग वाटलं, पोरगी वाचली, नाथाजींनीच वाचवली, म्हणजे त्यांनी माफ केलं. आता कशाला? कागद घडी करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी यादीत अठ्ठेचाळीस आलं. नाथाजींच्या खुणांपुढे त्यांचं आद्याक्षर असायचं. याच्यापुढे माझं होतं. माझं नाव वीरधवल, त्याचा व्ही. उंचीच्या जागी रेषा.

मी रजा टाकून गेलो. बोरगावजवळचं तुटलेलं रान होतं. मधोमध उभं राहून दोनशे मोजले. बटण दाबायच्या आधीच उंची उमटली.

दोन दिवसांनी एकोणपन्नास. मग पन्नास. मी चालत राहिलो. एक्कावन्न आलं तेव्हा कारखान्यात तपासणी होती, रजा मिळाली नाही. त्या रविवारी विंचची तार तुटली, सृष्टी चाळीस मीटरवर असताना. तिनं नाक खाली दाबून ग्लायडर कसाबसा टेकवला. पंख मोडला. तिला खरचटलंही नाही.

त्या संध्याकाळी अंधार पडायच्या आत मी एक्कावन्न चाललो. बावन्नही.

बुधवारी त्रेपन्न आलं.

मी यंत्राच्या नकाशावर जागा बघितली आणि सरळ कमिटीकडे गेलो. सगळं लिहून दिलं, यासीन, नकाशा, पुसलेली खूण, चहाचा डाग. मग साळूबाईंच्या दारात गेलो आणि त्यांनाही सांगितलं.

"मला सांगून आता काय व्हतंय, सायेब?" त्या म्हणाल्या. "त्यास्नी सांगायचं हुतं."

बाहेर येऊन यंत्र बघितलं. रेषाच होत्या.

उद्या रविवार. सृष्टीला दुसऱ्या ग्लायडरनंही उडू नको म्हणालो. आता कारणासकट सांगितलं, सगळं. तिनं माझ्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. मग म्हणाली, तुमचं ऐकून मी काहीही करणार नाही.

त्रेपन्न नंबरची जागा मी आज सकाळी बघून आलो. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या पात्रात, मधोमध. नाववाल्याला विचारलं तर म्हणाला, दोन पुरुस खोल तरी पाणी आसंल, हितं कवा कोन उतरत न्हाई.

घरी येऊन मी भिंतीवरच्या घड्याळासमोर बसलो. श्वास रोखून दोनशे मोजून होतात का बघितलं. तीनदा बघितलं.

चौसष्टपर्यंत जातं.