श्वासभिंतीचं कलम

इमारतीच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत सुलभा मेश्राम खुर्चीत ताठ बसल्या होत्या. समोर त्यांचा भाडेकरार होता, संपायला चौदा महिने बाकी असलेला.

"मुदतीआधी सोडता येत नाही असं नाही," डॉ. इनामदार म्हणाले. "पण तुम्ही जीवशास्त्र शिकवलंय. का नको म्हणतो, ते तुम्हाला कळेल."

चंद्रपूरच्या हवेत आता एवढी धूळ होती, की साध्या घरात राहणाऱ्यांची फुप्फुसं सुजलेलीच असत. या इमारतीच्या भिंतींत बुरशीचा जिवंत थर वाढवला होता. खोलीत जो श्वास घेईल त्याचा श्वास ओळखून ती श्वासभिंत हवेत शमके सोडायची, म्हणजे सूज उतरवणारे रेणू.

"असे रेणू आपलं शरीरही बनवतं," सुलभाबाई म्हणाल्या. "बाहेरून मिळायला लागले, की बनवायचं थांबतं."

"बरोबर. म्हणून करारातले शेवटचे सहा महिने सोडवणीचे. भिंत दर आठवड्याला थोडं थोडं कमी देते, शरीराला जुनी सवय आठवते. आज एकदम निघालात, तर हवा कितीही स्वच्छ असो, पंधरा दिवसांत फुप्फुसं सुजून पाण्याने भरतील."

"माझी लेक सावंतवाडीला आहे. सातवा महिना चालू आहे, डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलंय. जावई जहाजावर. तिला पाणी द्यायला माणूस नाही हो."

इनामदार उठून मागच्या कपाटाशी गेले. मग त्यांनी काचेच्या पेटीतला तळहाताएवढा करडा तुकडा दाखवला. भिंतीचं कलम. तो खोलीत ठेवायचा. सोडवणीचं काम तोच करेल आणि सहा महिन्यांत आपोआप वाळेल.

"घरात आणखी कोण असतं?"

"लेक. सुटीवर आला तर जावई."

"दोघंही मोठी आहेत. त्यांनाही थोडी सवय लागेल, तुमच्याबरोबरच सुटेल."

सुलभाबाईंनी करार मोडल्याच्या कागदावर सही केली.

सावंतवाडीत दिवस बरे गेले. तृप्तीचं घर एका खोलीचं. कलम फळीवर ठेवलं होतं. नवव्या महिन्यात मुलगा झाला. सुलभाबाई त्याला मांडीवर घेऊन तासन्‌तास बसायच्या. मूल शांत होतं, त्याला साधी सर्दीसुद्धा झाली नाही. सहा महिने भरले तसं ठरल्याप्रमाणे कलम वाळलं. सुलभाबाईंना दोन दिवस कणकण आली, तृप्तीला थोडा खोकला. दोघी बऱ्या झाल्या.

बाळ मात्र बरं राहिलं नाही. आधी अंगावर लाल चट्टे उठले, मग श्वासाला घरघर लागली, दूध अंगी लागेना. इस्पितळात त्याला कसला संसर्ग सापडत नव्हता. चौथ्या दिवशी नळीतून प्राणवायू घेणाऱ्या नातवाकडे बघता बघता सुलभाबाईंना फळीवरचं वाळलेलं कलम आठवलं. त्यांनी बाहेर येऊन इनामदारांना फोन लावला.

"डॉक्टर, सोडवण म्हणजे जुनी सवय आठवणं. बरोबर?"

"हो."

"ज्याला जुनी सवयच नाही, त्याचं काय?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "घरात बाळ होतं?"

"तुम्ही विचारलंत तेव्हा जन्मलं नव्हतं. मी मोजलं नाही."

"सातवा महिना तुम्ही सांगितला होता, तरी मीही मोजलं नाही," इनामदार हळू आवाजात म्हणाले. "शमके बनवायला शरीर जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत शिकतं. त्याला शिकायची गरजच पडली नाही. आता तो काळ गेला."

"नवीन कलम?"

"कलम वाळण्यासाठीच असतं. पूर्ण भिंतच लागेल. मी कलम घेऊन आजच निघतो, प्रवासापुरतं पुरेल. चौदाव्या मजल्यावरची तुमची जागा अजून रिकामी आहे."

सुलभाबाई आत आल्या. तृप्ती बाळाच्या पायाशी बसली होती.

"उपाय आहे," त्या म्हणाल्या. "त्याला चंद्रपूरला न्यावं लागेल. माझ्या घरी."

तृप्तीने डोळे पुसले. "जाऊ या ना. किती दिवस?"

जीवशास्त्र शिकवताना सुलभाबाईंनी कुठलाही प्रश्न कधी टाळला नव्हता. त्या लेकीजवळ बसल्या.

"तू तिकडे नोकरी बघ," त्या म्हणाल्या. "हे घर ठेवून उपयोग नाही. त्याला तिथून कधीच बाहेर पडता येणार नाही."