तीस नंबरची थंडी

मुलगी वहिनींच्या दारात उभी राहिली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत एकेक फोन होता.

"बाबा कालपासून सापडत नाहीयेत," ती म्हणाली. "मालक अकरा वाजता चोरीची तक्रार देणार आहेत. बाबांच्या नावावर."

भावजी घाबरले. तसे ते कुठल्याही निमित्ताने घाबरायचे. जन्मभर दवाखान्यात कंपाउंडरकी करूनही सुई पाहिली की डोळे मिटणारा माणूस! निवृत्तीनंतर घरी स्वस्थ बसावं, तर वहिनींनी त्यांना आपल्या तपासाच्या कामात ओढलं होतं.

वहिनींनी मुलीला पाणी दिलं. "दोन फोन कशाला गं?"

"एक बाबांचा. काल सकाळी घाईत चार्जिंगलाच राहिला. मी रात्रभर ऑफिसात होते, आज घरी आले तेव्हा दिसला."

मग तिने धडाधड सांगून टाकलं. ती वाहतूक कंपन्यांची सॉफ्टवेअरं जोडून द्यायची. माल कुठे पोचवायचा ते एक सॉफ्टवेअर सांगतं, गाडी कुठे आहे ते दुसरं दाखवतं, आणि दोघांचा एकमेकांशी संवादच नसतो.

"सासूसुनांसारखं," भावजी पुटपुटले. वहिनींनी नुसतं बघितलं.

"सध्या ज्या कंपनीचं काम करतेय, बाबा तिथेच ड्रायव्हर आहेत. बारा नंबर, थंड डब्याची गाडी. काल नऊला लस घेऊन निघाले ते पोचलेच नाहीत. पण स्क्रीनवर बारा नंबर कालपासून आवारातच उभी दिसतेय, आणि आवारात ती नाही! मालक म्हणतात, बाबांनी डबी काढून टाकली आणि गाडी पळवली."

"कसली डबी?"

"पंजाएवढी असते, प्रत्येक गाडीत. गाडी कुठे आहे आणि आत थंडी किती, दोन्ही कळवते. थंडी मोजायला आत एक वायर लोंबते. मी ती आधी घरी बाबांच्या मुठीत देऊन पाहिली होती. मुठीची ऊब लागली की लॅपटॉपवर आकडा चढायचा. बाबा लहान मुलासारखे हसत होते."

"काल काळजी नाही वाटली?"

"संध्याकाळी सहाच्या हजेरीत त्यांच्यापुढे बरोबरची खूण होती. आणि मी दुसऱ्याच लफड्यात होते. तीस नंबरच्या गाडीचा थंडीचा आकडा उगाच नाचत होता. तीनदा चढायचा, थांबायचा, परत तीनदा. माझ्याच प्रोग्रॅमची चूक असणार. रात्रभर शोधली. आज सकाळी सातनंतर आकडा आपोआप थांबला."

कंपनीच्या आवारात शिरताना भावजी वहिनींच्या मागे लपतछपत चालले होते. समोर न बघता चालल्यामुळे एका ट्रकच्या बंपरवर गुडघा आपटला. "आई गं!" दारावर पिवळ्या रंगात भलामोठा तीस रंगवलेला, बॉनेट उघडं, इंजिनचे भाग ताडपत्रीवर पसरलेले. वहिनी त्या ट्रकपाशी जरा रेंगाळल्या. भावजींना वाटलं, आपल्यासाठीच थांबल्या.

गेटवाल्याने शपथेवर सांगितलं की बारा नंबर काल नऊला बाहेर पडली, गेट त्यानेच उघडलं होतं.

मेकॅनिक आधीच रडवेला झाला होता. "माझ्यावर नका ढकलू! बारा नंबरच्या डब्याची आतली कडी तुटलीय, दार आतून उघडत नाही, हे मी चारदा लिहून दिलंय. पण गाडी मला कुणी देईल तर ना! गावाबाहेरचं जुनं वर्कशॉप बंद केलं, चार माणसांचं काम मी एकटा ओढतोय. तिथे आता क्वचित एखादा ड्रायव्हर सावलीला बसून जेवतो, बस."

"डब्या तुम्हीच बसवल्या?"

"हो. परवा या ताईंना त्यात नवीन प्रोग्रॅम भरायचा होता, म्हणून सगळ्या काढल्या. टेबलावर ठेवल्या, जेवणाच्या सुटीत परत बसवल्या. घाईच झाली जरा."

मुलीला बाहेर बसवून वहिनी भावजींना घेऊन वेळापत्रकवाल्याच्या खोलीत गेल्या. पांढऱ्या केसांचा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. हजेरीची वही त्याने छातीशी धरली होती.

"सहा वाजता प्रत्येक ड्रायव्हर फोन करतो. मी आवाज ऐकतो, मगच खूण करतो. तीस वर्षांची शिस्त आहे ही."

"काल बारा नंबरचा आला?"

"आला की! त्याचंच नाव उमटलं फोनवर. म्हणाला, सगळं ठीक."

भावजींना हायसं वाटलं. म्हणजे सहापर्यंत तरी माणूस धडधाकट होता.

वहिनींनी स्क्रीनकडे बोट केलं. "आणि ही तीस नंबर कुठे आहे?"

"जुन्या वर्कशॉपला. दुरुस्तीला गेली असेल."

"असेल?"

"स्क्रीन काय खोटं बोलते का?"

भावजींनी चष्मा सरसावून वाचलं. तीस नंबर, चार अंश. त्यांना दवाखान्यातला लशींचा फ्रिज आठवला. रोज सकाळी तोच आकडा बघून ते वहीत लिहायचे. तसं ते मोठ्याने म्हणालेही.

वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. इतक्या वर्षांत भावजींनी वहिनींना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"अँब्युलन्सला जुन्या वर्कशॉपचा पत्ता द्या," वहिनी दाराकडे धावत ओरडल्या. "मेकॅनिक, लोखंड कापायचं यंत्र घ्या आणि व्हॅन काढा! तुम्हीही चला, वहीसकट."

व्हॅन सुटली. मुलगी मागच्या सीटवर लॅपटॉप उराशी धरून बसली होती.

"वहिनी, झालं काय?" भावजींनी विचारलं.

"तुमच्या गुडघ्याला विचारा. तो कशावर आपटला?"

"तीस नंबरवर... अरेच्चा! पण ती तर जुन्या वर्कशॉपला..."

"स्क्रीनवर. खरी तीस आवारात उघडी पडलीय, जागची हलूच शकत नाही. परवा घाईत दोन डब्यांची अदलाबदल झाली. बाराची डबी तीसमध्ये बसली, म्हणून बारा आवारात दिसते. तीसची डबी बारामध्ये. म्हणजे वर्कशॉपला तीस म्हणून दिसतेय ती बारा आहे. बिघडलेल्या रिकाम्या गाडीत लशीची थंडी कोण ठेवेल? भावजी, ते तुम्हीच ओळखलंत. इतक्या जणांनी स्क्रीन पाहिली, खिडकीतून बाहेर कुणीच पाहिलं नाही."

मेकॅनिकने गाडी चालवता चालवता कपाळावर हात मारून घेतला.

"पण सहाचा फोन?" भावजी म्हणाले.

"ड्रायव्हरचा फोन घरी चार्जिंगला होता. आपल्याला तो दारातच दिसला."

वेळापत्रकवाल्याची वही मांडीवरून घसरली. "महिनाभर मी कुणाचाच फोन घेतला नाही," तो कसाबसा बोलला. "स्क्रीनवर गाडी दिसली की खूण. बारा आवारात दिसली, परत आला असं धरलं. सकाळी सांगणार होतो, पण भीती वाटली हो. खूण खोटी म्हटली की मी घरी."

"त्या खुणेमुळे काल कुणी शोधायला निघालं नाही," वहिनी म्हणाल्या. मग त्या मुलीकडे वळल्या, आणि त्यांचा आवाज उतरला. "बाळ, बाबा जेवायला थांबले. माल बघायला डब्यात शिरले. दार मागून बंद झालं, आतली कडी तुटलेली. फोन नाही. ओरडून ऐकायला तिथे कोण? पण त्यांना एक गोष्ट माहीत होती. ती वायर मुठीत धरली की तुझ्या लॅपटॉपवर आकडा चढतो."

मुलीने तोंडावर हात दाबला. "तीनदा," ती म्हणाली. "ते मला हाक मारत होते. आणि सातनंतर थांबले!"

भावजींनी तिचा हात धरला. कोणाचा हात जास्त गार होता कोण जाणे.

बारा नंबर भिंतीच्या सावलीत उभी होती, थंडीचं यंत्र घरघरत होतं. दार आपटताना बाहेरचा अडसर आपोआप पडून घट्ट अडकला होता, मेकॅनिकने तो कापून काढला. दार उघडताच गार वाफ अंगावर आली.

ड्रायव्हर खोक्यांमध्ये, पॅकिंगचे कागद गुंडाळून, पाय पोटाशी घेऊन पडला होता. सगळ्यांच्या आधी आत शिरले ते भावजी. भ्यायचं राहूनच गेलं. त्यांनी मनगट धरलं, डोळे मिटले, मोजलं.

"आहे! नाडी आहे!"

त्याची दुसरी मूठ वायरीवर आवळलेली होती. लेकीने ती आपल्या दोन्ही हातांत घेतली, तेव्हा त्याने डोळे किलकिले केले.

"आकडा दिसत होता ना गं?"

"दिसत होता, बाबा," ती म्हणाली. "रात्रभर दिसत होता. मी तो दुरुस्त करत बसले होते."