उजवीकडे वळणारी तबकडी

धुक्यातून काहीतरी आलं. आवाज न करता, तरंगत, अगदी फुरसतीनं... आणि जागृतीच्या पायाशी गवतात टेकलं.

ती थबकली. फेब्रुवारीची सकाळ होती, सेलूबाहेरच्या माळावर पळसाला नुकती फुलं धरली होती. शाळा भरायच्या आधी ती रोज इथं फिरायला यायची, पण आजवर आभाळातून तिच्यासाठी कोणी काही धाडलं नव्हतं. तिनं वाकून पाहिलं. ताटलीएवढी प्लास्टिकची तबकडी, अर्धी हिरवी, अर्धी जांभळी, मधे दोन्ही रंग एकमेकांत कालवलेले. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं ‘भिंगरी’ आणि खाली बारीक अक्षरात ‘बगळा’.

"लागली तर नाई ना?"

धुक्यातून आता एक माणूसही आला. खांद्याला कापडी पिशवी, पँट गुडघ्यापर्यंत दवानं भिजलेली, आणि चेहरा असा की लागली असती तर आधी तोच रडला असता.

"लागली असती तर मी गप्प बसले असते का?" जागृती म्हणाली. "आणि याला बगळा काऊन म्हणायचं? कुठूनच दिसत नाही बगळ्यासारखी."

"दिसायले नाई जी... उतरायले." त्यानं हात आडवा धरून हळूच खाली आणला. "वावरात बगळा कसा उतरते, पंख न हलवता? तशी उतरते ते."

एवढं सुंदर बोलून गेल्याचं त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. तो तबकडीवरचं दव बाहीनं पुसत होता. जागृतीच्या मात्र ध्यानात आलं, आणि राहिलं.

त्याचं नाव राकेश. काका कवडूजींचा वर्ध्याला प्लास्टिकचा लहानसा कारखाना होता, तिथं ड्रमची झाकणं बनत. झाकणं बनवता बनवता या पठ्ठ्याला मोबाइलवर एक परदेशी खेळ दिसला. गोल्फच, पण चेंडू नाही, काठी नाही. तबकडी फेकायची आणि कमीत कमी फेकींत दूरच्या टोपल्यात टाकायची. झालं, झोप उडाली. व्हिडिओ पाहून पाहून त्यानं स्वतःच साचे कोरले. बाहेरची एकही डिस्क कधी हातात धरली नव्हती, पण ‘भिंगरी’ नावाची कंपनी काढून मोकळा झाला. कंपनीत माणसं किती, तर तो.

"हे टिटवी," पिशवीतून तो एकेक काढू लागला. "जाड काठाची. सरळ पळते, कोणाचं ऐकत नाई. हे कोतवाल. खालून हात लावून पाहा, बारीक दाणे हायेत. ओल्या हातातून सुटत नाई." मग त्यानं आवाज खाली आणला, जसं काही पळसाची झाडं ऐकत होती. "पण खरी गंमत वेगळीच हाये. जगातल्या साऱ्या डिस्क जाता जाता शेवटी डावीकडे वळतात. कोणताबी व्हिडिओ पाहून घ्या. माझ्याच एकट्या उजवीकडे वळतात!"

त्यानं बगळा डाव्या हातात धरला, छातीपाशी ओढला आणि सोडला. तबकडी धुक्यात शिरली, हवेत जरा रेंगाळली आणि खरंच, उजवीकडे कलंडत एका लोखंडी खांबाकडे गेली. खांबाला वर सायकलची रिंग होती, रिंगेला साखळ्या, खाली टोपलं. साखळ्या वाजल्या. राकेशनं वळून पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा इतका उजळला होता की जागृतीला हसू आवरेना.

"मी कॉलेजात थाळीफेक करत होते," ती म्हणून गेली. "आता शाळेत पोरींना शिकवते."

"मग तुमीच पाह्यजे मले!" तो म्हणाला, आणि लगेच कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... डिस्कसाठी. फेकून पाह्यला माणूसच भेटून नाई राह्यला. काका म्हणतात, झाकणं फेकणारा घरात एक येडा पुरे."

तिनं फेकली. डिस्क छान गेली, छान रेंगाळली आणि अगदी शांतपणे डावीकडे वळली.

"मनगट," राकेश गंभीर होऊन म्हणाला. "तुमचं मनगट चुकून राह्यलं."

आता मनगट सुधारायचं तर हात लावावा लागणार. पण राकेश पडला लाजाळू. त्यानं शेजारच्या वावरातून तुरीची एक काडी उचलली आणि हातभर दुरून, काडीच्या टोकानं, तिचं कोपर जरासं वर केलं. "असं," तो म्हणाला. काडीनंच तर लावलं होतं कोपराला... तरी दिवसभर शाळेत ती ते कोपर दुसऱ्या हातानं धरून बसली.

दुसऱ्या दिवशीही डिस्क डावीकडेच गेली. राकेशनं सरावासाठी एक बगळा तिच्याजवळ दिला. संध्याकाळी पोरी घरी गेल्यावर जागृती शाळेच्या मैदानावर एकटीच उभी राहिली. फेकली, डावीकडे. पुन्हा फेकली, डावीकडेच. मनगट सरळ, वाकडं, उलटं, सगळं करून झालं. मग सहज, उजवा हात दमला म्हणून, तिनं डाव्या हातानं फेकली.

उजवीकडे वळली!

जागृती आधी नुसती पाहत राहिली. मग खो खो हसत सुटली. मनगट नव्हे, डिस्कही नव्हे, हात! डिस्क ज्या हातानं फेकाल तशी गरगरते आणि गरगरेल तशी वळते. व्हिडिओतले सगळे उजव्या हाताचे. राकेश डावखुरा, आणि त्याच्याशिवाय त्या डिस्क आजवर कोणी फेकल्याच नव्हत्या. बिचाऱ्याला वाटत होतं, आपण जगावेगळी वस्तू घडवली.

उद्या सांगून टाकू, असं तिनं ठरवलं. सांगायला गेलीही. पण त्या सकाळी त्यानं तुरीची नवी काडी सोलून गुळगुळीत करून आणली होती. "जुनीनं टोचत असन तुमाले," असं म्हणून त्यानं नजर खाली घातली... आणि जागृतीच्या ओठांवर आलेलं सगळं परत आत गेलं.

आजची सकाळ फक्त, उद्या नक्की. असं करता करता बऱ्याच सकाळी गेल्या. पळस अंगभर फुलला. मोहाखाली गोड ओलसर वास पसरू लागला. ती डावीकडे फेकायची, तो उजवीकडे धावायचा, मग चुकला म्हणून वळायचा. एकदा तो काडी आणायलाच विसरला. त्यानं बोटांनी तिचं मनगट धरलं, हळूच, पाखरू धरावं तसं, आणि सोडायचं विसरला. खरं सांगायचं तर त्या दिवशी डिस्क कुठं गेली, हे कोणालाच आठवत नाही.

मग एका बुधवारी राकेश नाचतच आला.

"नागपूरले स्पर्धा हाये, येत्या रविवारी! कुठून कुठून खेळणारे येऊन राह्यले. मले स्टॉल भेटला, मॅडम!" त्यानं बोर्डाचा फोटो दाखवला. पिवळ्यावर लाल अक्षरं होती : ‘साऱ्या जगाची डावीकडे, आमची उजवीकडे’. "काका म्हणतात, तिथं कोणाले आवडली तर कारखान्यातली एक मशीन डिस्कसाठी तुझी. नाई तर होळीपासून मुकाट्यानं झाकणं काढायची."

जागृतीनं ती ओळ पुन्हा वाचली. तिथले खेळाडू बोर्ड वाचतील, पहिली डिस्क फेकतील आणि हसतील. सगळ्यांसमोर, त्याच्या या चेहऱ्यावर. त्याचं सगळं एका फेकीत जाईल. सांगायलाच हवं. आणि सांगितलं की या सकाळी संपल्या. बहुतेक तोही.

गुरुवारी सांगवलं नाही, शुक्रवारी नाही. शनिवारी मात्र तिनं पिशवीतला बगळा काढून त्याच्या उजव्या हातात ठेवला.

"राकेशजी, आज या हातानं फेका."

"या हातानं? मले नाई जमत..."

"जमेल तशी फेका. माझ्यासाठी."

तबकडी डगमगत गेली, कशीबशी तरंगली आणि डावीकडे वळली. राकेशनं दुसरी फेकली. तीही डावीकडे. तिसरी त्यानं डाव्या हातानं फेकली. पिशवी रिकामी होईपर्यंत तो या हातानं, त्या हातानं फेकत राहिला. मग थांबला. माळावर डिस्क विखुरल्या होत्या, निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे.

"कधीपासून माहीत होतं?" त्यानं न वळता विचारलं.

"दुसऱ्या दिवसापासून."

"म्हंजे इतके दिवस... तुमी हसून राह्यल्या माझ्यावर?"

"एकदाच हसले. तेही मला ठाऊक नव्हतं तोवर."

"काय ठाऊक नव्हतं?"

जागृतीनं डोळे मिटून घेतले. आता राहिलंच काय होतं लपवायला! "की मी इथं डिस्कसाठी येत नाही. मनगट चुकतच नव्हतं माझं. पण सांगितलं असतं तर तुम्ही ते धरलं नसतं. तुमचं नुकसान होईल हे कळत होतं, तरी एक सकाळ, आणखी एक सकाळ... चुकलंच माझं."

राकेशनं पिशवी खांद्याला लावली. एकेक डिस्क वेचत माळाच्या टोकापर्यंत गेला. तिथूनच म्हणाला, "तुमाले शाळेले उशीर होईन," आणि मोटरसायकल सुरू करून निघून गेला. जागृती त्या धुळीकडे पाहत उभी राहिली. रडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, ते जमलं नाही.

रविवारी ती पहिल्या एस.टी.नं नागपूरला गेली. तो बोलणार नाही, हे गृहीत धरूनच गेली. पण लोक हसणारच असतील तर त्या वेळी त्याच्या बाजूनं उभं राहणारं एक माणूस तरी हवं, एवढंच तिच्या मनात होतं.

मैदानावर कडुनिंबाची दाट झाडं होती आणि झाडांतून साखळ्यांची टोपली मांडली होती. स्टॉल शेवटी सापडला. पिवळ्या बोर्डावरची लाल ओळ पांढऱ्या रंगानं झाकली होती, रंग अजून ओला होता. नुसतं ‘भिंगरी’ उरलं होतं. राकेश दोन खेळाडूंना सांगत होता, "वळते ते साऱ्यांसारखीच, भाऊ. पण उतरते कशी, ते पाहा." एकानं बगळा फेकला. तो कडुनिंबांमधून गेला, गेला आणि खाली यायचं नावच घेईना. "अरे!" खेळाडू म्हणाला. "अजून हवेतच?" दुसरा तोवर कोतवालाचे दाणे चाचपत होता. बाजूला कवडूजी हाताची घडी घालून उभे होते. "झाकणं असं काई करत नाईत बुवा," ते स्वतःशीच पुटपुटले.

गर्दी जरा पांगल्यावर राकेशला ती दिसली. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"रागावला आहात ना?" तिनं विचारलं.

"काल होतो. लय होतो. बोर्डाले रंग देता देता कमी होत गेला." त्यानं मान खाजवली. "तुमी सांगितलं नसतं तर आज माझी काय शोभा झाली असती... अन् सांगितल्यानं तुमच्या हातून काय जाणार होतं, तेबी मग समजलं मले."

माइकवरून दोघादोघांच्या खेळाची नावं मागत होते. राकेशनं तिकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"झाडं दोन्ही बाजूनं हायेत इथं. मले डावीकडची फेक येत नाई, तुमाले उजवीकडची. माझ्यासंग खेळाल काय?"

"खेळापुरतंच विचारताय?" जागृतीनं हळूच विचारलं.

"नाई." त्यानं एक लांब श्वास घेतला. "मले तुमी पाह्यजे. डिस्क असो नाई तर झाकण. सकाळी पाह्यजे, अन् सकाळ सरल्यावरबी पाह्यजे. प्रेम हाये माझं तुमच्यावर... सरळच सांगून टाकलं."

कडुनिंबाची पिवळी पानं वाऱ्यानं एकेक करून खाली येत होती. जागृतीला वाटलं, आपण तरंगतोय, आणि खाली यायची आपल्याला मुळीच घाई नाही.

"उद्या घरी या," ती म्हणाली. "बाबा सकाळी निवांत असतात. हेच त्यांना सांगा, असंच सरळ."

"अन् ते नाई म्हणाले तर?"

"तर परवा पुन्हा या."

माइकवरून शेवटची हाक झाली. तिनं त्याचा हात धरला आणि पहिल्यांदाच अहो-जाहो सोडून म्हणाली, "चल राकेश, नाव दे आपलं."