मशीननं न मोजलेला श्वास

कोमल, तो मोबाईल खाली ठेव. आणि सत्यजीत, हसायचं असेल तर आत्ताच बाहेर हो. गुरुदत्त काही ऐकीव माणूस नव्हे, माझ्याबरोबर पंधरा वर्षं कामाला होता.

ऑपरेशन थिएटरच्या हवेतले धूलिकण मोजायचं त्याचं काम. मशीन नळीनं हवा ओढतं, कण मोजतं, आकडा छापतं. मशीन ठीक आहे का हे बघायला नळीवर आधी एक छोटा फिल्टर लावतात, म्हणजे झिरो येतो. मग तो काढायचा आणि खरी हवा मोजायची. हा पठ्ठ्या काढायचाच नाही! झिरो छापायचा, सही ठोकायची, चहा प्यायचा नि घर गाठायचं. हॉस्पिटलवाले खूश, हा मोकळा.

चौदा डिसेंबर २०२४, शनिवार. पनवेलच्या एका लहान हॉस्पिटलात त्याची मुलगी चारुता दाखल होती, अकरा वर्षांची. अपेंडिक्स. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी सातला. रात्री पावणेअकराला, शेवटची केस आटपल्यावर, गुरुदत्त तिथल्या थिएटरात शिरला. हवेची जाळी धुळीनं काळीकुट्ट. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं फिल्टर काढून खिशात टाकला. परक्यांच्या पोरांना झिरो चालला, स्वतःच्या पोरीला कसा चालेल? आकडा वाईट आला तर तिला रातोरात दुसरीकडे हलवायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

बटण दाबलं. झिरो.

नळी पाहिली. मोकळी. पुन्हा दाबलं. झिरो. जाळीवर हात मारला, धूळ डोळ्यांत गेली. झिरो. नळीत तोंडानं फुंकलं.

झिरो.

मग मागून श्वास ऐकू आला. घरघरता. त्यानं स्वतःचा श्वास रोखला... तो चालूच. मानेपाशी आला. गरम. त्यानं नळी तिकडे वळवली...

झिरो.

त्याला साळू आठवली. कर्नाळ्याकडच्या वाडीवरची. दिवाळीआधी याच टेबलावर तिचं पोट शिवलं, जखम चिघळली, बाई गेली. तिच्या नवऱ्याला गुरुदत्तचाच कागद दाखवला होता. "म्हंजी हवा साफ व्हती ना, सायेब?" त्यानं विचारलं होतं. गुरुदत्तनं मान डोलावली होती.

"साळू...?"

श्वास थांबला.

दार धाडकन उघडलं. सिस्टर सोनम. मागे स्ट्रेचरवर कण्हणारी चारुता. "काका, बाजूला व्हा! अपेंडिक्स फुटलंय."

"इथे नको! दुसरीकडे न्या तिला!"

डॉक्टर धावत आले. "वेळ नाहीये, गुरुदत्त. का नको? आकडा काय आला?"

कागद हातातच होता. खरं सांगायचं तर पंधरा वर्षांचं सांगावं लागणार. साळूचं सांगावं लागणार...

"अहो, काय आला?"

"झिरो," तो म्हणाला.

अरे, बाप ना तू! मला अजून संताप येतो त्याचा. आणि रडूही येतं.

बाराव्या दिवशी चारुता गेली. जखम चिघळूनच.

त्यांचं घर कळंबोलीत, लोखंड बाजारासमोर. रात्रंदिवस ट्रक. सकाळी पुसलेलं टेबल दुपारी काळं होतं, तुम्हाला ठाऊक आहे. पोरगी गेली त्या दिवसापासून त्या घरात धूळ बसत नाही. खिडक्या सताड उघड्या असतात. शेजारच्या घरात थरच्या थर... इथे काही नाही. त्याची बायको कुमुद रोज सकाळी पोरीचा फोटो पुसते. परवा मी गेलो होतो. तिनं हातातलं फडकं माझ्यापुढे धरलं. पांढरंशुभ्र.

"वर्ष झालं, भाऊजी," म्हणाली. "एकदाही धुतलेलं नाही."