तोतारामची घागर

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी झोक्यावर बसतात. मी मात्र गेल्या आखाजीला भुसावळहून गावी गेले ती भावाची घागर भरायला. पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरायची, वर खरबूज ठेवायचं आणि निखाऱ्यावर तूप सोडत एकेकाला नावाने हाक मारायची, ही आमच्याकडची रीत. हे काम पुरुषांचं. पण घरात आता कुणी उरलंच नाही, तेव्हा कोण काय बोलणार?

अमळनेरहून येणाऱ्या एसटीतून उतरले, तर ऊन मी म्हणत होतं. गल्लीत कुत्रंही नव्हतं. बंद घर उघडलं आणि शिळ्या राखेचा वास आला. मी जमीन पुसली, घागर भरली, गोवरी पेटवली.

शेजारच्या भिकुबाई दारात आल्या, पण आत पाऊल टाकेनात.

"कोनी घागर शे ही?"

"तोतारामदादाची."

"त्याले बलावू नको, माय... तो माणूस नव्हता. राक्षस व्हता. बठ्ठा गावले माहीत शे."

दादाने वहिनीचा जीव घेतला, तोही पूर्ण शुद्धीत. पुढे तुरुंगातच वारला. मी त्याला माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण हे केलं ते माझ्या हातची भाकरी खाणाऱ्या माणसाने. राक्षस म्हटलं की गाव मोकळं होतं. मग बहीण म्हणून मी एकटीच उरते.

भिकुबाई निघून गेल्या. मी तूप सोडलं.

"आई..." निखारा फुलला.

"वहिनी..." फुलला.

"तोतारामदादा..."

तूप नुसतंच विरलं. मी पुन्हा हाक मारली, पुन्हा मारली. मला दुसरं काही नको होतं हो, त्याने भाऊ म्हणून घोटभर पाणी प्यावं आणि सुटावं, एवढंच. शेवटी राग आला म्हणा, रडू आलं म्हणा, गावाचा शब्द माझ्या तोंडून गेला.

"राक्षसा..."

"हां..."

घागरीच्या पलीकडून. आवाज दादाचाच होता. मग घटाघट पाणी पिण्याचा आवाज... खरबूज हळूहळू कलंडलं.

"दादा, मी ज्योती... तोतारामदादा..."

काही नाही. स्वतःच्या नावाला तो ओ देत नव्हता. ते नाव त्याला कुणी राहूच दिलं नव्हतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडे भिकुबाईंची सून, लताबाई, ओरडली. तिचं पोरगं रडत होतं, जेवत नव्हतं.

"खाय, नहीते राक्षसले बलावसू! ये रे राक्षस, याले ली जा!"

"नको, लताबाई..." मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

जमिनीवर ओली पावलं उमटू लागली. सरळ, तुमच्याआमच्यासारखी. घागरीपासून उंबऱ्याकडे... उंबऱ्यावरून लताबाईच्या दाराकडे.

पोरगं रडायचं एकदम थांबलं.

"कसा घाबरना!" लताबाई हसली.

मग जरा वेळाने तिचाच, अगदी हळू आवाज...

"कोनासंगे बोली ऱ्हायना रे तू...?"