दुसऱ्याचा खोकला

सन चौतीस. अमरावतीत वामनराव डॉक्टरांच्या दवाखान्यात मी मलमपट्टीवर होतो. अक्षर येत नव्हतं, पण बोटांना कळायचं. पोळा झाल्यावर एका सकाळी वलगावचा पुंजाराम माळी आला. अंड नारळाएवढं सुजलेलं. गावात कुणी कान टोचून तांब्याची तार घातली होती. अंडवृद्धीवर आमच्याकडे पहिला उपाय तोच.

अशी सूज दर वेळी पाण्याचीच असते असं नाही. कधी आतडं उतरलेलं असतं, आणि त्यात सुई गेली की माणूस जातो. म्हणून डॉक्टरांची रीत ठरलेली. खिडक्या लावून सुजेमागं बत्ती धरायची. उजेड पार आला तर पाणी. मग रोग्याला खोकायला लावायचं; बोटांना धक्का बसला तर आतडं.

मी एका हातानं बत्ती धरली, दुसरा हात सुजेवर ठेवला. सूज जास्वंदीसारखी लाल उजळली.

"खोक रे," डॉक्टर म्हणाले.

पुंजाराम खोकला. माझ्या बोटांखाली काही हाललं नाही.

बत्तीच्या धुरानं माझा घसा खवखवला. मी खोकलो. बोटांना धक्का बसला.

"काहून हालतं बे?" मी पुंजारामला म्हणालो. मला वाटलं, माळी लबाडी करून राहिला.

"मी कायले हालू? उघडा करून निजवलं, आता श्वासबी इचारून घेऊ का?"

तो पुन्हा खोकला. काही नाही. मी खोकलो. धक्का.

"तुझ्या बोटांनाच रोग झालाय," म्हणत डॉक्टरांनी स्वतःचा हात ठेवला. मी खोकलो. त्यांचं हसू गेलं.

त्यांनी पुंजारामच्या बायकोला, पार्बताबाईला, आत बोलावून खोकायला लावलं. मग स्वतः खोकले. सूज दगडासारखी स्थिर.

"साहेब, टोचू नका," मी म्हणालो.

"कातडी काळी पडून राहिली. आज पाणी काढलं नाही तर सडेल." ते माझ्याकडे बघत नव्हते. "तू लांब जा. दहाला सुई घालतो. साडेदहापर्यंत खोकायचं नाही."

पार्बताबाई दारापर्यंत मागं आली. "दादा, आवरजा बरं. माह्या कपायाचं कुकू तुमच्या घशात हाये."

मी राजापेठेपर्यंत चालत गेलो. रस्त्यात कुणी मिरच्या भाजत होतं. नाक दाबून पळालो. एका घड्याळजीसमोर बसलो. काटे तेवढे समजत.

दहा.

उबळ आली. पागोट्याचं टोक तोंडात कोंबलं.

सव्वादहा. डोळ्यांतून पाणी गळत होतं. घड्याळजी म्हणाला, "कोण गेलं, बाप्पा?" मी मान हलवली.

साडेदहा. मग मोकळा खोकलो.

परतलो तेव्हा पुंजाराम उठून बसला होता, चहा पीत. "आले का दादा! लय हलकं वाटून राहिलं." पार्बताबाई माझ्या पायाच पडली. मलाही हसू आलं.

डॉक्टर हसले नाहीत. कोपऱ्यात काढलेल्या पाण्याचं भांडं होतं, काठोकाठ, वर ताट झाकलेलं. भोवतीची फरशी ओली.

"साडेदहाला तीनदा खोकलास," ते म्हणाले. विचारलं नाही.

"हो."

"हे मागच्या नाल्यात ओतून ये. एकटाच जा."

भांडं जड होतं, आणि अजून कोमट. ताट हनुवटीनं दाबून मी निघालो.

नाला वीस पावलांवर राहिला तेव्हा घसा खवखवू लागला. माझे दोन्ही हात गुंतलेले होते.