दहा आकडे

उन्हातून तो दारात आला, चौकट धरून उभा राहिला, आणि ती हसली तरी त्याने बघितलं भिंतीकडे! सलग चौथा दिवस.

डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीच्या यंत्रावर बसणारी ही निळ्या गणवेशातली पोर कुणाला भीक घालणारी नव्हती. पण हा सुतार... केसांत भुसा, बोटं कशी निगुतीची. कपाटाला फळ्या ठोकायला आला नि तिच्या मनातच खिळा ठोकून बसला. आज काम संपणार. मग कुठला सुतार नि कुठलं काय?

शेवटची फळी बसली आणि तिला राहवलं नाही.

"काय हो मिस्त्री, आमच्याकडे बघितलं तर मान मुरगळते का?"

तो गोरामोरा झाला. "दारासमोर तुम्ही असायचात? मला काहीतरी निळं दिसायचं... वाटलं, पडदा आहे."

"पडदा! मी!"

"उन्हातून आत आलो की दहा मोजेपर्यंत नीट दिसतच नाही हो. लहानपणी चेंडू झेलता यायचा नाही. सगळे धांदरट म्हणायचे."

तिचा राग कुठल्या कुठे पळाला. "बसा इथे. हलायचं नाही."

डोळ्याखाली बारीक तार लावून तिने दिवा एकदा चमकवला. यंत्रावर डोळ्याच्या उत्तराची लाट उठली. लगेच दुसऱ्यांदा चमकवला — काहीच नाही! जरा थांबून तिसऱ्यांदा — लाट पुन्हा हजर.

"आंधळा होणार का मी?"

"काहीतरीच! उजेड पडला की डोळा निरोप धाडतो. तो निरोप थांबवणारी प्रथिनं असतात, दाराच्या कडीसारखी. तुमची कडी बहुतेक उशिरा लागते. आधीच्या उजेडाचा गलका संपेना, तर नव्याचं कोण ऐकणार? डॉक्टर रक्त तपासून नक्की सांगतील."

"म्हणजे चार दिवस तुम्ही..."

"हसत होते. भिंतीसाठी!"

दुसऱ्या दिवशी काम नसताना तो आला. चौकट धरली. ती अगदी समोर जाऊन उभी राहिली — हसू ओठांवर तसंच धरून.

"...नऊ... दहा. दिसलात!" तो म्हणाला. "रोज दिसाल का?"

"आईला विचारा. पण आमच्या घरात अंधार फार. आधी दहा मोजा, नाहीतर खुंटीवरच्या कोटाला नमस्कार कराल."

"तोवर... हात धराल?"

"मोजायला लागा," ती म्हणाली आणि हात पुढे केला.

दहा झाले, वीस झाले. हात कुणीच सोडला नाही.